पाणी आणि विस्तव

“मग मॅनलियसने काय करायला हवं होतं?” पपांनी विचारलं.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी आणि माझी धाकटी बहीण रेजिना. पपांच्या मांडीवर रोमच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडं होतं. ते एक परिच्छेद मनातल्या मनात वाचत आणि मग आम्हाला मराठीत सांगत. त्या दिवशी मॅनलियस नावाच्या सेनापतीची गोष्ट होती. त्याने सैन्याला हुकूम दिला होता की कोणीही रांग सोडून एकट्याने लढायला जायचं नाही. त्याच्याच मुलाला शत्रूच्या एका घोडेस्वाराने डिवचलं. मुलगा गेला, लढला, त्याला ठार मारलं आणि त्याचं चिलखत घेऊन आनंदाने बापाच्या तंबूत आला. बापाने तोंड फिरवलं. सगळं सैन्य गोळा केलं आणि सगळ्यांसमोर पोराचं डोकं उडवायला लावलं.

“त्याला शाबासकी द्यायची,” रेजू म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. “आणि मग थोडंसं रागवायचं.”

पपांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इग्नास?”

त्यांना कोणतं उत्तर हवंय ते मला ठाऊक होतं. मी चौथीपासून सातवीपर्यंत शाळेत पहिला येत होतो ते उगाच नाही. “त्याने केलं तेच बरोबर. पोराने हुकूम मोडला.”

“जिंकला तरी?”

“जिंकला तरी.”

पपांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं ते क्वचितच करत.

माझे वडील पास्कोल रुमाव. वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या पट्ट्यात आमची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. तरुणपणी ते फादर व्हायला मुंबईच्या सेमिनरीत गेले होते. तिथे बरीच वर्षं काढून, फादर न होताच परत आले. तब्येतीने साथ दिली नाही, असं गावात सांगत. घरात तो विषय निघत नसे. लग्न झालं, वाडी सांभाळली, पण गावात कोणाशी त्यांचं जमलं नाही. ते सणावारापुरते चर्चला येत आणि शेवटच्या बाकावर बसत.

आदल्या वर्षी माझं इतिहासाचं पुस्तक चाळताना त्यांना दिसलं की त्यात सगळं रोम दीड पानात उरकलं आहे. ते तसेच उठून शाळेत गेले. हेडमास्तरांशी काय बोलणं झालं देव जाणे, पण परत आले ते आम्हा दोघांचे दाखले घेऊन.

“दीड पान!” ते आईला म्हणाले. “हजार वर्षांना दीड पान. यापुढे मी शिकवीन.”

तेव्हापासून आमची शाळा ओट्यावर भरायला लागली. न्याहारीआधी लॅटिन, न्याहारीनंतर रोम. ‘रेक्स’ म्हणजे राजा हे आधी शिकायचं आणि पेज प्यायल्यावर त्या राजांना रोममधून हाकलून द्यायचं. ‘सेर्वुस’ म्हणजे गुलाम हे पाठ केलं की गुलामांच्या बंडाची गोष्ट. शब्द आधी यायचे आणि पाठोपाठ त्या शब्दांची माणसं यायची. विभक्त्या पपा आपल्या मराठीच्या हिशेबाने शिकवत. ही चतुर्थी, ही पंचमी, ही षष्ठी. मला ते फार आवडायचं. शाळेत कधी इतकं आवडलं नव्हतं. चुकलं तर पपा ओरडत नसत, मारतही नसत. फक्त दिवसभर आमच्याशी बोलत नसत. रेजूच्या वाट्याला असे पुष्कळ दिवस यायचे.

एप्रिलमध्ये फादर एलियास आमच्याकडे आले. आमच्या धर्मग्रामाचे फादर, पपांच्याच वयाचे, बोलायला मोकळे. चर्चला शंभर वर्षं होणार होती आणि मे महिन्यात मोठा सण होता. लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या आणि सणाच्या उपासना, तेव्हा नुकत्याच बंद झाल्या होत्या. सगळं मराठीत आलं होतं.

“पास्कोल, एक वाचन तरी लॅटिनमध्ये करावं म्हणतोय,” फादर म्हणाले. “म्हाताऱ्या माणसांच्या कानांना बरं वाटेल. तुझा इग्नास वाचेल का?”

“माझ्या घरातलं लॅटिन रोमचं आहे, फादर. चर्चचं नाही.”

“अरे, रोम काय दोन आहेत?”

“सीझरला आम्ही कैसर म्हणतो. तुम्ही चेझर म्हणता.”

फादर हसले. “म्हणू दे की त्याला कैसर. देवाला दोन्ही कळतं.”

पपा हसले नाहीत. फादर गेल्यावर ते माझ्याकडे वळले. “कोणीही रांग सोडायची नाही. समजलं?”

“समजलं.”

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आईने मला मोगऱ्याची परडी घेऊन चर्चमध्ये पाठवलं. मी निघालो तशी ती फाटकापर्यंत आली. “फादर काय सांगतील ते नीट ऐक. रोज फुलं घेऊन जायचं आणि शिकून यायचं.”

“आणि पपा?”

“पपांना सणाच्या दिवशी कळेल. सगळं गाव तुझं कौतुक करेल तेव्हा त्यांनाही बरं वाटेल.” तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. “मी ओळखते त्यांना.”

मी रोज फुलं घेऊन जाऊ लागलो. फादर एलियास मला चर्चमागच्या खोलीत बसवत, उतारा वाचून घेत. वाचता वाचता मला व्याकरणही विचारत. माझं उत्तर ऐकून ते कधी कधी थबकायचे.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“पपांनी.”

ते पुस्तक स्वतःकडे ओढायचे. मग म्हणायचे, “बरं. असं म्हणून बघ.” आणि वेगळंच रूप सांगायचे. मला वाटायचं, हे चर्चचं आणि ते रोमचं. दोन्ही मी डोक्यात वेगवेगळं ठेवत गेलो.

सणाच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. मुंबईहून बिशप आले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि मागे न बघता पायऱ्या चढलो. उतारा लहानसाच होता. त्यात सम्राटाचं नाव यायचं. त्या शब्दापाशी आल्यावर मी फादरांनी शिकवलं तसं वाचलं. चेझर. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या आणि एकीने पदराने डोळे पुसले. वाचून झालं आणि मी पायऱ्या उतरलो. इतका आनंद मला तोवर कधी झाला नव्हता.

मिस्सेनंतर अंगणात लोकांनी आम्हाला घेरलं. कोणी माझे गाल ओढले, कोणी पपांचा हात हातात घेतला. बिशपांनी माझं नाव विचारलं. फादर एलियास गर्दीतून वाट काढत आले आणि पपांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, “पास्कोल, पोरगा तुझ्या पुढे गेला रे!”

सगळे हसले. पपाही हसले. “शिकवतंय कोण, फादर?” ते म्हणाले.

घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. आईने मागून माझ्याकडे बघून मान हलवली, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ अशी.

घरी मटण आणि वडे केलेले होते. पपांनी कोट काढून खुंटीला लावला आणि आम्हा सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. आईलाही. ती हात पुसत आली.

“तुला कोणी परवानगी दिली?” त्यांनी मला विचारलं. आवाज रोजच्यासारखाच होता, धडा घेतानाचा.

मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिने मान खाली घातली, म्हणून मी म्हणालो, “कोणी नाही.”

“बरं. एक वाक्य सांगतो. भाषांतर कर.” त्यांनी सावकाश एकेक शब्द उच्चारला. “इग्नातियो आक्वा एत इग्नी इंतेर्दिकितुर.”

“इग्नासला...” मी थांबलो.

“पुढे. आक्वा?”

“पंचमी. पाण्यापासून.”

“इग्नी?”

“पंचमी. विस्तवापासून.”

“क्रियापद?”

“मनाई केली जाते.”

“सबंध वाक्य म्हण.”

“इग्नासला पाणी आणि विस्तव यांची मनाई केली जाते.”

“बरोबर,” पपा म्हणाले. “रोममध्ये एखाद्याला वाळीत टाकायचं असलं की असं वाक्य ऐकवत. मग त्याला कोणी पाणी द्यायचं नाही. चुलीवरचं काही द्यायचं नाही. छपराखाली घ्यायचं नाही. फाटकात उभा राहून, लोकांना ऐकू जाईल असं, ‘मी चुकीचं वाचलं’ म्हणालास की संपलं. कुंपणाबाहेर पाऊल टाकलंस तर परत यायचं नाही.”

“अहो, सणाचा दिवस आहे,” आई म्हणाली.

“तू पण ऐकलंस ना वाक्य?”

आई आत गेली. थोड्या वेळाने ताटांचा आवाज आला. तीन ताटांचा.

वाडीच्या टोकाला अवजारं ठेवायची खोप होती. बाजूने उघडी, वर झापांचं छप्पर. तेही छप्परच, म्हणून मी तिच्या सावलीत, पण बाहेरच्या अंगाला बसलो. हुकूम पाळायचा तर नीट पाळायचा, असं मला वाटत होतं. पपांनी विहिरीवरचा दोर आणि बादली काढून घरात नेली. ऊन वैशाखाचं होतं. पहिल्या दिवशी मला रडू आलं नाही. मी मॅनलियसच्या मुलाचा विचार करत होतो. त्याने माफी मागितल्याचं पपांनी वाचून दाखवलं नव्हतं. मग मी का मागू? मी अर्धवट पिकलेली केळी खाल्ली आणि जास्तच तहान लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेजू केळींच्या आडून आली. दोन्ही हातांत तांब्या धरलेला. ती माझ्यापासून हातभर अंतरावर आली असेल तेवढ्यात मागून पपांचा आवाज आला.

“रेजिना. ते पाणी कोणासाठी?”

ती दचकली. “झाडासाठी,” ती म्हणाली.

“मग झाडाला घाल.”

ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“घाल.”

तिने केळीच्या बुंध्याशी तांब्या रिकामा केला. हळूहळू ओतला, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. माती कोरडी ठणठणीत होती. पाणी लगेच दिसेनासं झालं.

“हुकूम मोडलास आणि खोटंही बोललीस,” पपा म्हणाले. “बस भावाजवळ.” ते तांब्या घेऊन परत गेले.

रेजू माझ्याजवळ बसली आणि तोंड दाबून रडली. संध्याकाळ होईतो तिलाही तहान आवरेना. खोपीच्या मागे आमचं बावखल होतं, पाऊसपाण्याचं डबकं, मे महिन्यात तळाला गेलेलं, वर हिरवी साय धरलेलं. मी तिला नको नको म्हणत होतो. तिने साय बाजूला सारून ओंजळीने प्यायलं. मग मीही प्यायलो.

मला काही झालं नाही. तिला सकाळी उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिच्या पोटात काही उरलं नव्हतं, तरी ती ओकत होती. अंग तापलं होतं. मी आईला हाका मारल्या. ती धावत आली, तिने रेजूचं कपाळ बघितलं आणि तशीच ओट्याकडे गेली.

“पोरगी ओकतेय. ताप आहे तिला.”

पपा वाचत होते. “ते माझ्या हातात नाही. इग्नासच्या हातात आहे.”

मला वाटलं, आता आई काहीतरी करेल. ती मागे फिरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बोल की एकदाचं! बहिणीचा जीव घेशील का?”

मी फाटकात जाऊन उभा राहिलो. चर्चमध्ये प्रार्थना संपून लोक घरी चालले होते. पपा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“मी चुकीचं वाचलं,” मी म्हणालो.

“लॅटिनमध्ये.”

“एर्रावी.”

“ऐकू गेलं नाही.”

“एर्रावी!”

रस्त्यावरून आमच्या शेजारचे मिंगेलबाबा काठी टेकत चालले होते. ते थांबले, कान देऊन ऐकलं आणि हसले. “सणाला काय गोड वाचलंन रे तुझ्या पोरानं! चांगला शिकवतोस हां, पास्कोल.”

“प्रयत्न करतो, बाबा,” पपा म्हणाले.

आईने रेजूला उचलून आत नेलं. मला तिने पेल्यातून पाणी दिलं. मी प्यायलो. डॉक्टर आला, सुई टोचून गेला. रेजू पुष्कळ दिवस अंथरुणात होती. तिचे केस गळायला लागले म्हणून शेवटी आईने ते अगदी बारीक कापले.

ती उठून बसायला लागली त्या सुमारास फादर एलियास पुन्हा आले. या वेळी ते खूश दिसत होते. बिशपांना माझं वाचन लक्षात राहिलं होतं. मुंबईला त्यांच्या बोर्डिंगमध्ये माझी राहण्या-जेवणाची, शिक्षणाची सगळी सोय होणार होती. फादर व्हायचं की नाही ते मोठेपणी ठरवायचं, असं बिशपांनी स्वतः सांगितलं होतं.

पपांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला हाक मारली. “इग्नास, सणाच्या दिवशी तू कसं वाचलंस ते फादरांना सांग.”

मी खाली बघून म्हणालो, “चुकीचं वाचलं.”

“आणि मुंबईला जायचंय का तुला?”

मला जायचं होतं. आयुष्यात इतकं कुठेच जावंसं वाटलं नाही. आत रेजू खाटेवर बसली होती आणि ती मला तिथून दिसत होती. “नाही,” मी म्हणालो.

फादर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर आत, रेजूच्या डोक्याकडे गेली. मग आईकडे. आई भिंतीला टेकून उभी होती.

“पास्कोल,” ते हळू आवाजात म्हणाले, “तू लॅटिनमध्ये नापास झालास त्यात या पोराचा काय गुन्हा?”

पपा वाडीकडे बघू लागले.

“सेमिनरीत तीनदा परीक्षेला बसलास. मी तुझ्या शेजारच्या बाकावर होतो. रात्र रात्र घेऊन बसायचो तुला. नाही जमलं, नाही जमलं. पुष्कळांना जमत नाही. तब्येतीचं निमित्त मीच रेक्टरांना सुचवलं, गावात तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि तू...” त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

“चहा घेऊन जा, फादर,” पपा म्हणाले.

फादर चहा न घेताच गेले. मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं. तरी तिने मला परडी घेऊन पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीआधी पपा नेहमीसारखे ओट्यावर येऊन बसले. काही झालंच नाही अशा थाटात. आजारानंतर रेजू पहिल्यांदाच धड्याला बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

“रेजिना, भाषांतर कर. बाप मुलींना गोष्टी सांगतो.”

“पातेर...” ती म्हणाली आणि अडली. “मुलींना...”

“फिलिईस,” पपांनी सांगितलं.

“नाही,” मी म्हणालो.

पपांनी मान वर केली.

“फिलिईस म्हणजे मुलग्यांना. मुलींना वेगळं रूप आहे. व्याकरणात वेगळं दिलेलं असतं, दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून.” फादर एलियासनी मला ते मागच्या खोलीत शिकवलं होतं. तेव्हा मला ते चर्चचं वाटलं होतं. आता कळत होतं की ते सगळीकडचंच होतं आणि पपांना ते येत नव्हतं.

“काय आहे ते रूप?” पपांनी विचारलं.

मी रेजूच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं.

त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाची पानं उलटली. ते इतिहासाचं पुस्तक होतं, त्यात ते रूप असणं शक्यच नव्हतं. तरी ते पानं उलटत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली.

“इग्नास, काय रूप आहे ते?” त्यांनी पुन्हा विचारलं. आता तो आवाज शिकवणाऱ्याचा नव्हता. बाकावर उभ्या केलेल्या मुलाचा होता.

“तुम्ही सांगा,” मी म्हणालो.

मग पपांनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि ते वाडीत निघून गेले. तो आमचा शेवटचा धडा. जूनमध्ये आईने आम्हाला परत शाळेत घातलं. पपांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

त्या दिवशी दुपारी मात्र रेजू माझ्या मागेच लागली. “काय रे होतं ते? मला सांग ना.”

“कशाला हवंय तुला?”

“माझंच वाक्य होतं ना ते. सांग ना.”

मी सांगितलं. “फिलिआबुस.”

तिने तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून पाठ केला आणि रुमाल सारखा करत वाडीत गेली. मी लांबून बघत होतो. पपा मोगऱ्याच्या वाफ्यात पाठमोरे बसून तण काढत होते. ती त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“फिलिआबुस, पपा,” ती म्हणाली. “मुलींना.”

पपांचे हात थांबले. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“तुला कोणी विचारलं होतं?”